एक नाव का उरते आणि दुसरे का पुसले जाते, हे कसे तपासावे

इतिहास मोठ्या कर्तृत्वाचीच आठवण ठेवतो, हे विधान एकट्या प्रसिद्ध माणसाकडे पाहून तपासता येत नाही, कारण विसरले गेलेले लोक मुळात आपल्यासमोर नसतातच. म्हणून सुरुवात जोडीने करावी. एकाच काळातील आणि एकाच क्षेत्रातील अशा दोन व्यक्ती निवडाव्यात, ज्यांचे काम जवळजवळ सारखे असूनही कीर्तीत मोठे अंतर आहे. थॉमस हॅरियट याने 1609 च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे रेखाटन केले. गॅलिलिओची चंद्रनिरीक्षणे त्यानंतर काही महिन्यांनी झाली. मात्र गॅलिलिओने 1610 च्या मार्चमध्ये आपली निरीक्षणे व्हेनिसमध्ये छापून घेतली आणि हॅरियटची रेखाटने त्याच्या कागदपत्रांतच राहिली. तरीही सगळे श्रेय छपाईला देऊन थांबू नये. चंद्रावरील सावल्यांचा अर्थ तेथे डोंगर आहेत असा गॅलिलिओने लावला आणि गुरूचे चंद्रही शोधले, म्हणजे दोघांचे काम पूर्णपणे समान नव्हते. तुलनेत असा फरक आढळला, तर तो आधीच नोंदवावा.

यानंतर नोंद कशावर झाली आणि ती वाचणारा कोणी उरला का, हे पाहावे. सुमारे इ. स. पू. 1750 मध्ये मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) उर शहरात एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी होता. त्याने हलक्या प्रतीचे तांबे दिल्याची नान्नी नावाच्या ग्राहकाची तक्रार मातीच्या पाटीवर कोरलेली होती, ती टिकली आणि म्हणून आज त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती, त्या व्यापाऱ्यांची नावे मात्र सहसा सापडत नाहीत. तेव्हा नाव टिकणे आणि गुण असणे या गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात. दगडही एकटा पुरत नाही. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके उभे होते, पण त्यांची लिपी वाचणारे कोणी नव्हते. जेम्स प्रिन्सेप याने 1837 मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ‘देवानंपिय पियदसि’ असा उल्लेख असलेला राजा म्हणजेच अशोक, ही ओळख श्रीलंकेतील पाली परंपरेच्या आधारे पटली. खुद्द अशोक हे नाव कोरलेला लेख कर्नाटकातील मस्की येथे 1915 मध्ये सापडला.

सर्वाधिक वेळ ज्या प्रश्नाला द्यावा, असे मला वाटते, तो म्हणजे मृत्यूनंतरच्या पहिल्या वीस-तीस वर्षांत त्या व्यक्तीचे कागद, वस्तू आणि नाव कोणाच्या हाती होते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग 1890 मध्ये वारला आणि त्याचा भाऊ थिओ 1891 च्या जानेवारीत गेला. त्यानंतर शेकडो चित्रे आणि पत्रांचा मोठा साठा थिओची विधवा योहाना हिच्याकडे आला. तिने प्रदर्शने भरवली, चित्रे विचारपूर्वक विकली आणि 1914 मध्ये पत्रे प्रकाशित केली. (स्मृती जपणारी ही माणसे स्वतः बहुधा तळटीपेतच राहतात, त्यामुळे तळटीपा टाळू नयेत.) याउलट आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मठवासी ग्रेगोर मेंडेल 1884 मध्ये वारल्यावर त्याचे बरेचसे खासगी कागद मठात जाळले गेले. त्याचा 1866 मधील छापील निबंध मात्र ग्रंथालयांत पोहोचलेला होता आणि 1900 मध्ये द व्रीस, कोरेन्स व चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कामामुळे तो पुन्हा चर्चेत आला.

मेंडेलच्या उदाहरणातून पुढची पायरी मिळते: नावाचे उल्लेख कोणत्या वर्षी वाढले ते कालक्रमाने मांडावे आणि त्या वेळी कोणाला त्या नावाची गरज होती ते विचारावे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, 18 एप्रिल 1775 च्या रात्री ब्रिटिश सैन्य येत असल्याचा इशारा द्यायला पॉल रिव्हिअर निघाला. विल्यम डॉज हाही निघाला होता आणि वाटेत सॅम्युअल प्रेस्कॉट त्यांना सामील झाला. रिव्हिअर वाटेतच पकडला गेला आणि कॉन्कॉर्डपर्यंत पोहोचला तो प्रेस्कॉट. अमेरिकी कवी लाँगफेलोची रिव्हिअरवरील कविता, अमेरिकी यादवी युद्धाच्या तोंडावर, 1861 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. तिने रिव्हिअरला एकट्यालाच नायक केले आणि लोकांच्या तोंडी तेच नाव राहिले.

मुद्दाम पुसल्याचा आरोप करण्यापूर्वी पुरावा मागावा. आदेश, खरवडलेली नावे किंवा बदललेला मजकूर यांपैकी काहीतरी हाती असले पाहिजे. रोमन सम्राट कॅराकॅला याने 211 मध्ये भाऊ गेटा याची हत्या करवल्यावर शिलालेखांतून गेटाचे नाव खोडले गेले, आणि त्या खोडण्याच्या खुणांवरूनच आपल्याला तो प्रकार समजतो. इफिसस या प्राचीन ग्रीक शहरातील मंदिर जाळणाऱ्या हेरोस्ट्रॅटसचे नाव उच्चारण्यावर बंदी होती, तरी थिओपोम्पस या इतिहासकाराने ते लिहून ठेवले. अशा खुणा नसतील, तर कट शोधण्यापेक्षा दुर्लक्षाची शक्यता आधी तपासावी.

शेवटी निष्कर्ष लिहिताना नोंद, जतन, वाचन आणि गरज यांपैकी नेमका कोणता दुवा तुटला ते स्पष्ट सांगावे, आणि त्यातील कोणता भाग कागदावर आधारलेला आहे व कोणता अंदाज आहे, हे वाक्यागणिक वेगळे ठेवावे. ज्यांनी स्वतः काही लिहिले नाही, त्यांच्यासाठी चरित्रांऐवजी न्यायालयांची दप्तरे, करवसुलीच्या वह्या आणि देण्याघेण्याचे कागद चाळावेत. तेथेही नाव न मिळाल्यास ‘नाव अज्ञात’ असे लिहून त्या व्यक्तीचे काम तेवढे नोंदवावे.