सेसॅम फायबरला टेकवण्याआधीचं गणित

१५५० नॅनोमीटरच्या पल्स लेझरसाठी सेसॅम वापरणार असाल, तर माझा एकच आग्रह आहे: स्प्लायसर (फायबर जोडणारं यंत्र) सुरू करण्याआधी वही उघडा. ही महागडी चिप जळते ती बहुतेक वेळा गणित न केल्यामुळे.

सेसॅम म्हणजे गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडच्या थरांचा आरसा, त्यात इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा शोषक थर. मंद प्रकाश तो शोषतो. तीव्र पल्सपुढे त्याचं शोषण संपृक्त होतं आणि प्रकाश परत फिरतो. म्हणून लेझर आपण होऊन पल्समध्ये चालू लागतो. उर्सुला केलर यांनी १९९२ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे दाखवलं.

माझी आवडती रचना साधी आहे. मधे अर्बियम फायबर आणि ९७६ नॅनोमीटरच्या पंपाचा (ऊर्जा पुरवणाऱ्या लेझरचा) प्रकाश आत सोडणारा कपलर, एका टोकाला १० टक्के प्रकाश बाहेर सोडणारा आरसा, दुसऱ्या टोकाला फेरूलला (कनेक्टरमधल्या फायबर धरणाऱ्या नळीला) टेकवलेला सेसॅम. इथे सरळ टोकाचा एफसी/पीसीच कनेक्टर हवा. एपीसी प्रकारच्या कनेक्टरचं टोक ८ अंशांनी तिरकं असतं, त्यावर चिप सपाट बसत नाही. फेरूल सूक्ष्मदर्शकाखाली तपासा आणि चिप दाबू नका, नुसती टेकवा.

आता गणित. साध्या फायबरमध्ये प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास सुमारे १०.४ मायक्रोमीटर. डेटाशीटवर संपृक्ती फ्लुएन्स (शोषण संपृक्त करायला दर क्षेत्रफळामागे लागणारी ऊर्जा) ५० मायक्रोजूल प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर संपृक्तीला लागतात सुमारे ४२ पिकोजूल. त्याच्या तीन ते पाच पट ऊर्जेवर चालवा. एकूण फायबर २ मीटर असेल तर जाऊन-येऊन पल्स दर २० नॅनोसेकंदांनी, म्हणजे ५१ मेगाहर्ट्झने येतात. आत २०० पिकोजूलची पल्स फिरत असेल, तर पॉवर मीटर बाहेर जेमतेम १ मिलिवॅट दाखवेल. तेवढंच पुरेसं आहे. जास्त पॉवरच्या मोहाने पंप वाढवला, तर पल्स दुभंगते.

पंप चढवताना ऑसिलोस्कोपची खिडकी १०० मायक्रोसेकंदांची ठेवा. फक्त २० नॅनोसेकंदांवर पाहिलं तर सगळं छान दिसतं आणि चिप मरते. लांब खिडकीत पल्सची उंची लाटांसारखी वरखाली होत असेल, तर ते क्यू-स्विचिंग, म्हणजे ऊर्जा साठून झटक्यात बाहेर पडणं. त्या लाटेच्या शिखरावरची पल्स नेहमीपेक्षा कितीतरी पट ऊर्जा घेऊन चिपवर आदळते. तिथे रेंगाळू नका. ठरवलेल्या पॉवरपर्यंत जाऊनही लाटा राहिल्या, तर पंप उतरवा आणि कमी प्रकाश बाहेर सोडणारा आरसा लावा. ९७६ काय आणि १५५० काय, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे चष्मा आधी, पंप नंतर.

दूरसंचारासाठी मात्र ५१ मेगाहर्ट्झ कामाचे नाहीत. १० गिगाहर्ट्झ हवे असतील तर फायबरची पोकळी (आरसा ते सेसॅम हे अंतर) १ सेंटिमीटरची होईल, आणि तेवढ्याशा अर्बियम फायबरमधून पुरेसं प्रवर्धन मिळत नाही. तिथे अर्बियम-यिटर्बियम काच किंवा शोषक भाग त्याच चिपवर असलेला लेझर डायोड घ्यावा लागतो. काच घेतली तर वेगळा सेसॅम लागेल, १ टक्क्याहून कमी मॉड्युलेशन डेप्थचा (म्हणजे संपृक्तीने शोषण जितकं घटू शकतं तेवढं प्रमाण). पल्समागची ऊर्जा घटली की क्यू-स्विचिंगचा धोका वाढतो.

आणि पल्स जितकी छोटी तितकी चांगली, असं इथे धरू नका. ३०० फेम्टोसेकंदांची पल्स तरंगलांबीत सुमारे ८ नॅनोमीटर रुंद असते. साध्या फायबरमध्ये १ किलोमीटरमागे नॅनोमीटरला १७ पिकोसेकंद या हिशेबाने ती १३६ पिकोसेकंद पसरते, आणि १० गिगाहर्ट्झला एका पल्सची जागा असते फक्त १०० पिकोसेकंदांची. २ पिकोसेकंदांची पल्स ठेवा: रुंदी सुमारे १.३ नॅनोमीटर, पसरण सुमारे २१ पिकोसेकंद. फिल्टर त्या हिशेबाने मागवा.