कुत्र्यांसाठी परसात कृत्रिम गवत बसवताय? या चुका टाळा

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘स्क्वेअर फुटाला काय दर?’ गवताच्या खाली काय घालणार, हे कुणी विचारत नाही. घरात कुत्रं असेल तर आधी तेच विचारायला हवं. शोभेच्या गवतावर फक्त पाऊस पडतो. कुत्र्याच्या गवतावर रोज मूत पडतं, आणि ते कुठंतरी जिरायला लागतं.

काळ्या मातीवर थेट अंथरणं

सांगलीकडं सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरचं गवत तिच्याबरोबर उचलतं, खचतं, आणि खोलगट जागी पाणी धरून राहतं.

सांगलीच्या विश्रामबागेत एका घरी दोन लॅब्रॅडोर होते. उन्हाळ्यात कुणीतरी एका दिवसात काम उरकून दिलेलं: माती सपाट केली, तण येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद टाकला, वर गवत. ऐन पावसाळ्यात घरच्या काकूंचा फोन आला, ‘अहो, स्वयंपाकघराची खिडकी उघडता येईना झालीय.’ जाऊन बघितलं तर वरून गवत हिरवंगार आणि स्वच्छ. भिंतीकडचा कोपरा पकडीनं धरून उचलला. कागदावर बोटभर काळं पाणी, त्यात केसांचे पुंजके, आणि डोळ्यांत चरचरणारा वास. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि खाली निचरा नसला की तो तिथंच कोंडून राहतो. घरची माणसं बिचारी रोज दोनदा गवत धूत होती. त्यातली प्रत्येक बादली त्याच कागदावर साचत होती. शेवटी गवत, कागद सगळं फेकलं आणि जमीन पुन्हा खणली. एक दिवस वाचवल्याचा खर्च दुप्पट झाला, आणि तो त्या कुटुंबाला सोसावा लागला. याचा मला आजही राग येतो.

माझी पद्धत अशी. काळी माती सहा इंच उकरायची. लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचायच्या, कारण लव्हाळ्याचा कोंब प्लास्टिकच काय, गवताची पाठसुद्धा फोडून वर येतो. मग मातीवर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, त्यानं खडी चिखलात रुतत नाही. हे कापड मातीवर घालायचं, गवताच्या लगेच खाली नाही. तिथं त्यात केस आणि घाण अडकते. त्यावर चार इंच खडी, दोन थरांत, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरनं दाबून. परस लहान असेल तर धुमसानंही भागतं. वर इंचभर कच, म्हणजे अगदी बारीक खडी, धुतलेली, डस्ट नसलेली.

इथला प्रत्येक गवंडी मुरूम सुचवतो. रस्त्याला मुरूम उत्तम, कारण दाबला की घट्ट बसतो, पाणी सहज झिरपू देत नाही. नेमकं त्याच कारणानं तो कुत्र्याच्या गवताखाली नको. साताऱ्यात जिथं जमीनच मुरमाड आहे तिथंही वरचा खडीचा थर मी सोडत नाही.

ढाळ दहा फुटांना दीड इंच, घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून. ‘नजरेनं बरोबर आहे’ म्हणणाऱ्या माणसाला मी कामावर ठेवत नाही. गवत पसरायच्या आधी चार ठिकाणी बादलीभर पाणी ओता. जिथं डबकं थांबेल ती जागा उकरून पुन्हा भरा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि घाईतली माणसं बरोब्बर हेच टाळतात.

उन्हाचा विचार न करणं

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. उघड्यावरचं प्लास्टिकचं गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, साठ अंशांच्या पुढंही जातं. आपल्या पायात चप्पल असते, कुत्र्याच्या पायात नसते. दुपारी दोन वाजता स्वतःच्या हाताची मागची बाजू गवतावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजणार.

पाणी मारलं की गार होतं, पण थोडाच वेळ. खरा उपाय सावली: शेडनेट नाहीतर झाड. गवतासाठी कडुनिंब तोडायला निघालेली माणसं मला भेटली आहेत. तिथं मी काम घेत नाही. सावलीची सोयच नसेल तर अर्ध्या परसात गवत घाला, अर्धी माती तशीच ठेवा. कुत्र्याला मातीत खळगा करून बसायला आवडतंच.

बाकीच्या चुका

उंच गवत: दाट दिसतं म्हणून पन्नास मिलिमीटरचं घेतात, मग शी त्यात रुतते आणि उचलता येत नाही. पंचवीस ते तीस पुरे.

बाल्कनीची चटई: पाठीला भोकं नसतील तर घेऊच नका.

गवताच्या पात्यांमध्ये नुसती वाळू भरणं: वासाला ती काही करत नाही. झिओलाइट नावाचं दाणेदार खनिज अमोनिया धरून ठेवतं, थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

जोड: आपल्याकडं कारवान जातीचं शिकारी कुत्रं पाळणारे बरेच. हे कुत्रं भरधाव येतं आणि नखं रोवून वळतं. नुसते खिळे ठोकलेला जोड त्यात उचकटतो, आणि वर आलेला खिळा पंजात घुसतो. दोन्ही पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच बाजूला ठेवा, खाली जोडपट्टी आणि पाण्यात न सुटणारा गोंद लावा. कडेला विटेची किंवा काँक्रीटची किनार हवी. उकरायची सुरुवात कुत्रं कडेपासूनच करतं.

फिनेल: अजिबात नको. कुत्रं तेच तळवे चाटतं, आणि त्यातले फिनॉल त्याला विषारी असतात. ब्लीचिंग पावडर मुताशी मिसळली तर घातक वायू तयार होतो. रोज साधं पाणी, आठवड्यातून एकदा एन्झाइमचा क्लीनर, एवढंच वापरा.

2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या अंगणात कृष्णेचं पाणी आलं, त्यांना मी गवत कायमचं चिकटवून देत नाही. कडेला पकडून ठेवतो, म्हणजे इशारा आला की गुंडाळून माडीवर नेता येतं. पुराचा गाळ खडीच्या फटींत बसला की निचरा बंद होतो आणि वरून कितीही धुतलं तरी तो निघत नाही. अशा वेळी खडी बदलावी लागते. तो खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.