एपीआयच्या किल्ल्या सांभाळताना: नवख्यांसाठी थोडं अनुभवाचं

एआय मॉडेलांवर काम सुरू करून सहा महिने झाले होते, तेव्हा माझ्या डेस्कटॉपवर 'नवीन फायनल २' नावाची एक टेक्स्ट फाइल होती. तिच्यात सात लांबलचक ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे एक 'एपीआय की'. कुठली कशाची, हे अर्धवटच आठवायचं. त्यातल्या दोन मी कधीच रद्द केल्या होत्या, पण नेमक्या कुठल्या दोन? हसू येत असेल तर आधी आपली फाइल उघडून बघा.

एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने कंपनीच्या मॉडेलशी थेट बोलायची सोय, आणि 'एपीआय की' म्हणजे त्यासाठी लागणारी गुप्त अक्षरांची ओळ. तिला इथून पुढे मी 'किल्ली' म्हणतो. मराठीत 'की' लिहिलं की वाक्य संपलं की सुरू झालं, हेच कळत नाही.

नव्या माणसाची पहिली गफलत ठरलेली असते: चॅटचं मासिक सदस्यत्व घेतलं, म्हणजे एपीआयही मिळाला. तसं नसतं. चॅटजीपीटीवाली ओपनएआय काय, क्लॉडवाली अँथ्रॉपिक काय, दोघांकडे हे हिशेब वेगवेगळे चालतात. चॅटचे पैसे महिन्याला ठरावीक, एपीआयचे टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं त्यांवर. दर दहा लाख टोकनांमागे असतो. आपण पाठवलेल्या मजकुराचा वेगळा, आलेल्या उत्तराचा वेगळा आणि सहसा चढा. त्यात देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. मराठीत काम करणार असाल तर हे पहिलं बिल यायच्या आधीच लक्षात घ्या.

आणि किल्ली म्हणजे पासवर्ड नव्हे. पासवर्ड चोरीला गेला तरी ओटीपी आडवा येऊ शकतो. किल्ली ज्याच्या हातात असेल त्याला 'तू कोण' असं कुणी विचारत नाही, बिल मात्र तुमच्या नावावर फाटतं. बहुतेक ठिकाणी ती तयार होते तेव्हा एकदाच पूर्ण दिसते. मग माणूस घाईघाईने ती सापडेल तिथे चिकटवतो: नोट्समध्ये, स्वतःलाच केलेल्या मेलमध्ये, थेट कोडमध्ये. एकदा गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कमिट (नोंद) झाली तर नंतर फाइल काढूनही उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. तिथे किल्ली रद्द करून नवी घेणं एवढाच उपाय.

या पसाऱ्याला कंटाळून मी किल्ल्या सांभाळणारं डेस्कटॉप ॲप घेतलं. अशी ॲप्स बरीच आहेत, काम साधारण सारखंच. सगळ्या कंपन्यांच्या किल्ल्या एका जागी ठेवायच्या, कुठल्या कामाला कुठलं मॉडेल ते ठरवायचं आणि आपल्या बाकी प्रोग्रॅमना मशीनवरचाच एक पत्ता द्यायचा. प्रोग्रॅम त्या पत्त्यावर विनंती पाठवतो, ॲप तिला खरी किल्ली जोडून पुढे धाडतं. ओपनएआयला किल्ली 'ऑथरायझेशन' हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) 'बेअरर' लावून हवी असते, अँथ्रॉपिकला 'एक्स-एपीआय-की' या हेडरमध्ये. ही हमाली आपल्या डोक्यावरून उतरते. ओलामासारखं आपल्याच मशीनवर चालणारं मॉडेलही त्याच यादीत बसतं. त्याचा पोर्ट ११४३४, आणि किल्ली लागतच नाही. काही लायब्ररी (आपण प्रोग्रॅममध्ये वापरतो तो तयार कोड) किल्लीची रिकामी जागा पाहून अडून बसतात, तिथे मी 'काहीही' असंच लिहून देतो.

पहिलं ॲप मी निवडलं ते त्याची गडद थीम आवडली म्हणून. आठवड्याने सहज त्याच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये माझ्या किल्लीतली मधली आठ-दहा अक्षरं शोधून पाहिली. एका जेसन फाइलमध्ये अख्खी किल्ली उघडीवाघडी पडलेली! स्क्रीनवर मात्र तिच्या जागी ऐटीत ठिपके. तेव्हापासून नवं ॲप आलं की आधी त्यात खोटी किल्ली टाकतो आणि फोल्डर धुंडाळतो. हे दोन मिनिटांचं काम तुम्हीही कराच. किल्ली सिस्टिमच्या स्वतःच्या तिजोरीत जायला हवी: मॅकवर कीचेनमध्ये, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये किंवा निदान विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनखाली, लिनक्सवर कीरिंगमध्ये. इलेक्ट्रॉनवर (डेस्कटॉप ॲप बनवायच्या एका साच्यावर) बांधलेल्या ॲपना यासाठी 'सेफस्टोरेज' ही सोय मिळते, पण लिनक्सवर कीरिंगच नसेल तर ती कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या पासवर्डाने किल्ली झाकते. लपाछपीत पडद्यामागे लपलेल्या मुलाचे पाय बाहेर दिसतात ना, तसं.

आणखी एक बघा: ॲपचा तो स्थानिक पत्ता १२७.०.०.१ असावा, म्हणजे फक्त आपल्याच मशीनवरून पोचता येणारा. ०.०.०.०, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या सगळ्यांना खुला, असेल आणि वर काही संरक्षण नसेल, तर त्याच वायफायवरचा कुणीही तुमच्या खात्यातून गप्पा मारू शकतो.

आता माझी फजिती. जुनी किल्ली रद्द केली, नवी ॲपमध्ये भरली, हिरवी खूण आली. स्क्रिप्ट चालवली तर ४०१, म्हणजे किल्ली अमान्य. पुन्हा चिकटवली. किल्लीच्या टोकाला चुकून स्पेस राहिली का पाहिलं. ॲप बंद करून चालू केलं. तासभर हेच. अखेर वैतागून स्क्रिप्टलाच विचारलं, बाई, तुझ्याकडच्या किल्लीची शेवटची चार अक्षरं छाप. छापली, तर ती जुनीच! कधीकाळी शेलच्या (टर्मिनलच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये मी ती एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणून, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना आपोआप मिळेल अशी, लिहून ठेवली होती. लायब्ररी ती उचलायची आणि थेट कंपनीच्या पत्त्यावर जायची, कारण पत्ता बदलायचाही मी विसरलो होतो. बिचारं ॲप त्या वाटेवर नव्हतंच.

म्हणून ४०१ आला की किल्ली बदलण्याआधी कुठली किल्ली जातेय ते बघा. ४२९ वेगळा, विनंत्या फार झाल्या की तो 'जरा दमानं' म्हणतो. पण ओपनएआयकडे शिल्लक संपली तरी ४२९च येतो, तेव्हा आकड्यावर न थांबता खालचा संदेश वाचा. मी एकदा तो न वाचता अर्धा दिवस 'दमाने' घेत बसलो होतो.

हल्ली मी दर कामाला वेगळी किल्ली काढतो आणि नावात काम लिहितो. मध्यंतरी टीममध्ये नवीन आलेली मुलगी म्हणाली, "सर, तुमचीच किल्ली द्या ना, दोन दिवसांचं तर काम आहे." मी तिला वेगळी काढून दिली, खर्चाला मर्यादा घातली आणि नाव ठेवलं 'दोन दिवस'. चार महिन्यांनी यादी चाळताना ती दिसली, तेव्हा रद्द केली. पाच मिनिटांत तिचा फोन आला.