येऊरला निघायच्या आदल्या रात्री

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात शिकारी पक्ष्यांचे, घुबडांचे फोटो काढायला निघताय? मग आधी कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीतून बाहेर काढा. आत्ता उठा आणि काढा, बाकीचं नंतर वाचा.

बुरशीच्या भीतीने माझी बॅग वर्षभर बेडरूममध्येच असते, एसी बावीसवर. गेल्या ऑक्टोबरात तशीच उचलून निघालो. येऊरच्या रस्त्याला लागलो तर समोर वाळक्या फांदीवर सर्पगरुड, पंख सैल सोडून दव वाळवत बसलेला. वीस-पंचवीस पावलांवर! लेन्स बाहेर काढली आणि काच भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखी घामेजली. टीशर्टने पुसली, परत धुरकट. तो बारा मिनिटं बसला, मी बारा मिनिटं पुसत होतो. मग शीळ घालून गेला. आपल्या दमट हवेत गार काच उघडली की हेच होणार, आणि ती कोमट व्हायला अर्धा तास सहज जातो. पुसून काही होत नाही. बॅग रात्रभर हॉलमध्ये, चेन बंद.

आणि गाडीतही एसी लावू नका. बॅग रात्री बाहेर काढून सकाळी तिच्यावर थंड झोत सोडणारा माणूसही मीच. खिडक्या उघड्या, नाहीतर बॅग डिकीत.

बॅटऱ्या, पाणी, टोपी तुम्ही घ्यालच. कार्ड लॅपटॉपमध्ये राहिलंय का, तेवढं बघा. कपडे मातकट.

सेटिंग रात्रीच लावून ठेवा. उडत्या पक्ष्याला शटर 1/2000 सेकंद. पांढुरक्या आभाळात कॅमेरा फसतो, पक्षी काळाठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, एक-दीड स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वर. सरावाला मासळीबाजारावरच्या घारी आहेतच. चार संध्याकाळी गच्चीत घालवा, मग शिक्र्याच्या, त्या चपळ छोट्या ससाण्यासारख्या पक्ष्याच्या, मागे लागा. बसलेल्या पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, एवढा शटर लागत नाही, आधार लागतो. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात दोन किलो तांदूळ शिवले की झालं, गाडीच्या खिडकीवर ट्रायपॉडपेक्षा बरं.

घुबड शोधायला कान लागतात. कावळे, बुलबुल एकाच झाडावर कलकलाट करताहेत म्हणजे आत कोणीतरी बसलंय. सापडलं की लांबच थांबा. तुमच्याकडे डोळे फाडून बघायला लागलं, मान ताणून उंच झालं, तर मागे व्हा. टॉर्च, फ्लॅश, मोबाइलवर आवाज वाजवणं यातलं काहीही करणार असाल तर घरीच बसा. ढोलीत पिल्लं असतील तर फोटो नको. आणि जागा ग्रुपवर टाकू नका, दिवाळीच्या सुमाराला तर अजिबात नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी असूनही जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, आणि पकडणाऱ्यांकडेही मोबाइल असतोच.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. नाक्यावरच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, गेटवर हुज्जत नको. बिबटे आहेत, अंधार पडायच्या आत खाली उतरा. रानपिंगळ्याच्या आशेने येणाऱ्यांनी नाव नीट समजून घ्या. 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला तो दुर्मीळ पक्षी 2014 मध्ये तानसा अभयारण्यात दिसला. येऊरला ठिपकेवाला पिंगळा दिसला म्हणून तो रानपिंगळा होत नाही.

थंडीत ऐरोली-नेरूळकडे खाडीवर जाणार असाल तर भरतीची वेळ बघा. भरतीला चिखलातले पक्षी मागच्या तळ्यांवर गोळा होतात, त्यांच्या मागे मार्श हॅरियर हा दलदलीवरचा शिकारी पक्षी येतो. मासे पकडणारा ऑस्प्रे नशिबात असेल तर. ऊन मागे ठेवा. खाडीची हवा येऊरपेक्षाही चिकट, तेव्हा बॅग कुठे ठेवायची ते परत सांगायला लावू नका.

परत आल्यावर फोटो उतरवा, लेन्स कोरड्या फडक्याने पुसा, चार्जर लावा, झोपा. दुसऱ्या दिवशीही जायचं असेल तर बॅग हॉलमध्येच.