दुर्बिणीच्या आरशाचं टूल करताय? या चुका टाळा

घरी दुर्बीण करणारी मंडळी आरशाच्या काचेला जिवापाड जपतात आणि ती ज्याच्यावर घासायची ते टूल मात्र एका दुपारीत उरकून टाकतात. पुढे आरशावर ओरखडे आले की दोष घासायच्या पावडरीच्या माथी. बहुतेक वेळा गुन्हेगार टूलच असतं.

पूर्वी टूल म्हणून दुसरी काचच घेत. आता बहुतेक जण प्लास्टरच्या चकतीवर टाइलचे तुकडे चिकटवतात. पद्धत स्वस्त आहे, चांगलीही आहे. फक्त प्लास्टर ओलं असताना, नीट सील न करता काम सुरू करू नका. मला सगळ्यात जास्त चीड याच चुकीची येते.

कॉलेजातला एक मुलगा सहा इंची आरसा घेऊन आला होता. पावडरीच्या 320 नंबरपर्यंत सगळं ठीक, 500 ला लांब कमानदार ओरखडे (नंबर जितका मोठा, तितकी पावडर बारीक). पावडर बदलली, पाणी गाळून घेतलं, तरी तेच. मी टूलच्या कडेला नख लावलं तर प्लास्टर भिजलेल्या खडूसारखं निघून आलं. भिंगातून पाहिलं, तर टाइलांमधल्या फटीत 80 नंबरचे काळे, चकचकीत कण रुतून बसलेले. साधं प्लास्टर ऑफ पॅरिस, वरून रंगाचा एक हात आणि खालची बाजू कोरी. पाणी खालून शिरत होतं, प्लास्टर झिजत होतं आणि अडकलेले कण एकेक करून सुटत होते. टूल फेकावं लागलं, आरसा पुन्हा 220 वर न्यावा लागला.

मी दातांच्या डॉक्टरांना लागणारं कडक प्लास्टर, म्हणजे डेंटल स्टोन घेतो. 100 ग्रॅमला साधारण 30 मिली पाणी पुरतं. साध्या प्लास्टरला जवळपास दुप्पट लागतं आणि ते जादा पाणी उडून गेलं की मागे भोकं राहतात. चकती वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. मी ती रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. वजन उतरायचं थांबलं की वाळली. पावसाळ्यात याला आठवडे लागतात, तेवढे द्यायचे. मग खाली, वर, कडेला, सगळीकडे इपॉक्सीचे (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या रेझिनचे) दोन हात. एवढा धीर नसेल तर पुढचे कित्येक तास घासायला तो कुठून आणणार?

दुसरी चूक दिसायला सुबक असते. टाइल बरोबर मधोमध लावून तिच्याभोवती सारख्या ओळी मांडायच्या. घासताना टूलचा मध्य आरशाच्या मध्यावरून पुन्हा पुन्हा जातो, त्यामुळे मांडणी मध्याभोवती सारखी असली की आरशावर वर्तुळाकार पट्टे उमटतात. मध्यावर ना टाइलचं केंद्र यावं, ना चार टाइलांमधला चौक. मी सगळी जाळी टाइलच्या पाव भागाएवढी तिरकी सरकवतो.

बाथरूमच्या भिंतीच्या चकाकत्या टाइल नकोत. वरचा थर गेला की आतली माती भराभर झिजते. मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून पाहा. शोषला गेला तर ती टाइल बाद. आतपर्यंत एकजीव असलेली व्हिट्रिफाइड टाइल घ्या.

फटी तीन-चार मिलिमीटरच्या ठेवा आणि त्यात इपॉक्सी साचू देऊ नका. पावडर-पाण्याच्या चिखलाला जायला जागा नसली की आरसा टूलला चिकटून बसतो. तसा बसलाच तर फटीत स्क्रू ड्रायव्हर अजिबात घालायचा नाही. बादलीत भिजत ठेवा, मग लाकडी ठोकळ्याला टेकवून आडवा सरकवा.

टूल सपाट काचेवर ओतून तसंच वापरणारेही बरेच. आठ इंची, एफ/6 (फोकसचं अंतर व्यासाच्या सहापट) आरशाला मध्यभागी सुमारे दोन मिलिमीटर खोली लागते. टूल सपाट असेल तर कडेच्या टाइल तेवढ्याच झिजतात आणि पातळ तुकडा असला तर प्लास्टर उघडं पडतं. आधी लोखंडी रिंगने आरशाला खोली द्या, मग त्याच आरशावर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून टूल ओता. टाइल चिकटवल्यावर इपॉक्सी घट्ट होईपर्यंत त्या त्याच आरशावर दाबून ठेवा.

सुरुवात करण्याआधी आरशावर पेन्सिलीने चौकडी काढा आणि थोडंच घासा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या तर टूल बसलं. मध्येच किंवा कडेलाच पुसल्या गेल्या, तर जाडी पावडर घेऊन आणखी घासा आणि पुन्हा चौकडी काढून पाहा. रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत पुढच्या नंबरची पुडी फोडू नका.