कोऱ्या लाटा वजनाखाली ठेवू नका

क्योतोला मोकुहांगा, म्हणजे लाकडी ब्लॉकवरून छापायची जपानी पद्धत, शिकायला गेले, तेव्हा डोळ्यांसमोर एकच प्रिंट होती. वर गडद प्रशियन निळा, खाली बोकाशी, म्हणजे हळूहळू विरत जाणारा रंग, आणि तळाशी शाईशिवाय नुसत्या कागदातून उठलेल्या लाटा. होडी नाही, किनारा नाही.

या कोऱ्या उठावाला काराझुरी म्हणतात. जपानी चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या १७६०च्या दशकातल्या प्रिंट्समध्येही तो सापडतो. ब्लॉकवर जे खोल कोराल ते कागदावर वर येतं. ब्लॉकसाठी शिना हे मऊ लाकडाचं प्लायवूड शिकायला पुरतं. कागद मागून घासायच्या गोल चकतीला बारेन म्हणतात; त्यातला महागडा, पारंपरिक होन-बारेन पहिल्या वर्षी घेऊच नका.

आता माझी चूक नीट वाचा. महाराष्ट्रातल्या कॉलेजात माझा हात एचिंग प्रेसवर बसलेला. तिथे ओली प्रिंट ब्लॉटिंग पेपरमध्ये घालून फळ्यांखाली दाबायची, म्हणजे ती सपाट वाळते. इथेही मी तेच केलं. सहा प्रिंट्स, तीन आठवड्यांचं काम. सकाळी फळी उचलली तर निळा जागच्या जागी आणि लाटा नाहीशा. बोट फिरवून पाहिलं, काही लागेना. खूप रडले. ओल्या कागदातले कोझोचे, म्हणजे ज्या झाडाच्या सालीपासून हा कागद करतात त्याचे, तंतू मऊ असतात. ज्या आकारात वाळतील तोच धरतात. मी त्यांना सपाट वाळवलं होतं.

म्हणून आधी सगळे रंग छापा, काराझुरी अगदी शेवटी. नंतर बारेन फिरला तरी उठाव बसतो. कागद होशो नावाचा जाड जपानी घ्या, रात्रभर ओलसर ठेवा. गालाला गार लागावा, पाणी लागू नये. व्हिडिओंमध्ये हीच रात्र कापलेली असते, त्यांच्यावर विसंबू नका. बोटांनी दाबा, मोठ्या उठावाला कोपर लावा. जुने छापणारेही कोपर वापरत. मग प्रिंट उताणी ठेवून फक्त कडा फळीला चिकटवा. वर काहीही नको. वही नको, पाच मिनिटांपुरतंही नको.

तुमचा हात बाजूला सारून स्वतःच दुरुस्त करणारा गुरू मिळाला तर दुसरा शोधा. माझ्या बाईंनी फक्त पाण्याचा ब्रश पुढे केला.

कारण सपाट झालेली प्रिंट मेलेली नसते. कागद पुन्हा ओलसर करा, केंतोच्या, म्हणजे कागद जागेवर बसवायला ब्लॉकवर कोरलेल्या, खाचेत कोपरा बसवा, त्याच ब्लॉकवर परत दाबा. माझ्या दोन प्रिंट्समध्ये निळा पांढऱ्यात उतरला. चार वाचल्या.