गावच्या एलईडी उजेडात तेजोमेघ: पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

गावात राहता म्हणजे काळंभोर आकाश मिळतच असेल, असं नागपूरचे मित्र म्हणतात. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमच्या चौकात हायमास्ट आहे, गल्लोगल्ली पांढरे एलईडी आहेत आणि पूर्वेला बुटीबोरीचा उजेड. तरी इथून तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले चमकणारे वायूंचे ढग, टिपता येतात. फक्त कॅमेरा घेताना मेगापिक्सेल सोडा आणि आपल्याकडचा उजेड व आपल्याकडचं ऊन, या दोन गोष्टी धरून चाला.

सुरुवातीला सेकंडहँड डीएसएलआरच घ्या, असं मी ठामपणे सांगतो. निकॉन डी५३०० किंवा कॅनन ७००डी, सोबत ५० मिमीची साधी लेन्स. घेण्याआधी दुकानातच लेन्सला झाकण लावा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा आणि आयएसओ १६०० वर दोन मिनिटांची फ्रेम काढून मोठी करून बघा. सुटे रंगीत ठिपके चालतात, ते डार्क फ्रेमने (अशाच झाकण लावून काढलेल्या फ्रेमने) वजा होतात. पट्टे दिसले तर ती बॉडी घेऊ नका.

वाचलेले पैसे ट्रॅकरला, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राला लावा. नुसत्या ट्रायपॉडवर या लेन्सने सहा-सात सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो आणि आपल्याकडे तो जेमतेम २१ अंशांवर असतो, म्हणून उत्तरेला झाड किंवा गोठा नसलेली जागा बघा.

आता उन्हाचं. सेन्सर साधारण सहा अंशांनी तापला की डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये साठणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो. जानेवारीची रात्र १२ अंशांची आणि मे महिन्यातली ३० ची, म्हणजे त्याच कॅमेऱ्यात आठपट. म्हणून डार्क फ्रेम त्याच रात्री, तिथंच काढायच्या. हिवाळ्यातल्या उन्हाळ्यात चालत नाहीत. आयएमएक्स५३३ सेन्सरचे कूल्ड कॅमेरे हवेपेक्षा तीसेक अंश थंड राहतात, पण त्यांना लॅपटॉप आणि १२ व्होल्टची सोय लागते. वावरात ट्रॅक्टरची बॅटरी रात्रभर पुरते. हात बसल्यावर असा कूल्ड कॅमेरा घ्या.

फिल्टरची घाई करू नका. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड बराचसा पिवळ्या पट्ट्यात असायचा, तो गाळता येई. एलईडीचा सगळ्या रंगांत पसरतो. ड्युअल बँड फिल्टर हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा सोडतो, त्यामुळे धनु राशीतल्या एम ८ सारखे तेजोमेघ उजेडातही उठून दिसतात. पण डीएसएलआरमध्ये सेन्सरवर बसवलेली कंपनीची काच ६५६ चा बराचसा प्रकाश आधीच अडवते. ती बदलून घेतली नसेल तर महागड्या फिल्टरचा निम्मा फायदा वाया जातो. देवयानी दीर्घिकेला तर त्याचा उपयोगच नाही. तिचा प्रकाश ताऱ्यांचा, तोही सगळ्या रंगांत पसरलेला. तिच्यासाठी गावाबाहेर पडा. जमलं तर पेंचला जा, २०२४ च्या जानेवारीत ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं.

पहिलं लक्ष्य मृगातला एम ४२ हा तेजोमेघ ठेवा. ट्रॅकरवर रॉ फॉरमॅट, आयएसओ ८००, एफ/४, ३० सेकंद. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटून एक तृतीयांशावर आला की एक्स्पोजर वाढवू नका, फ्रेम वाढवा. शंभरेक झाल्या की सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकच चित्र करा. ते फुकट मिळतं.